सातवर थांबलेलं खोकं

यातला एक शब्दही मी रचलेला नाही. रचता येत असतं तर शेवट तरी मनासारखा केला असता.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. जागा म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, तेच आमचं वर्कशॉप. रस्त्याकडे शटर, बाजूला एक खिडकी, भिंतीभर लाकडी खण आणि मधोमध एक लांब टेबल, डागाडागांचं, सोल्डरच्या धुरानं पिवळं पडलेलं.

लोक म्हणतात असलं काही रात्रीचं घडतं. आमच्याकडे उन्हात घडलं. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं आणि ती काही ऐकत नव्हती. मी एका डब्याला भोकं पाडत बसले होते.

आणि...

टेबलाच्या त्या टोकाला एक सूर वाजला.

बारीक. गोल. भरल्या हंड्यात थेंब पडावा तसा.

मग हळूहळू विरत गेला.

मी सवयीनं मोजलं. सात.

माझ्या हातातलं ड्रिल थांबलं. कारण ते टोक म्हणजे वहिनीची जागा होती. आणि वहिनीला जाऊन सहा आठवडे झाले होते.

आमचं काम आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कान तपासायला गेलं की हेडफोन लावून बारीकबारीक सूर ऐकवतात. ते सूर काढणारं खोकं आम्ही बनवायचो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सर्किट जोडायचा. डबा, तारा आणि गिऱ्हाइकाकडे पोचवणं माझ्याकडे. आणि सूर लावायचा तो वहिनीनं. तिघांत कान असा तिलाच होता. दादाला ती म्हणायची, तुमच्या हातात सूर काढायचं मशीन दिलं तरी तुम्ही बेसूरच गाल. दादा हसायचा, कारण ते अगदी खरं होतं.

सूर निघतो कसा, तर आवाज गोल फिरवून. एका टोकानं बाहेर पडलेला आवाज पुन्हा पहिल्या टोकात सोडायचा. दर फेऱ्याला थोडा गळतो. शंभर निघाला आणि नव्वद परत आला, तर पुढच्या फेऱ्याला एक्याऐंशी, मग त्र्याहत्तर, असा विरून जातो. नव्याण्णव परत आला तर बराच वेळ रेंगाळतो. शंभराचे शंभर परत आले, की मरतच नाही. आणि एकशे एक यायला लागले की फुगत जातो... पुरवणाऱ्याची ताकद संपेपर्यंत.

जेवढा निघाला त्याच्या किती पट परत आला, याला दादा लूप गेन म्हणायचा. तो निदान एक हवा. एकाच्या खाली सूर मरतो.

वहिनी हेच झोक्यावर शिकवायची. दादा-वहिनीची मुलगी तेव्हा सात वर्षांची. दिसेल ते बटण दाबायची म्हणून तिचं नाव बटण. मागच्या अंगणात तिला झोका देताना वहिनी मला सांगायची, झोका जेवढा दमून परत येतो तेवढीच ताकद द्यायची, आणि परत यायच्या वेळीच द्यायची. वेळ चुकली तर कितीही ढकल, झोका अडखळतो. आणि ढकलता ढकलता गायची. गाणं तिचं स्वतःचंच होतं...

*ये गं झोपे, हळूच ये,*
*दाराआडून बघ,*
*पापणीच्या झोक्यावर*
*दोघी झुलू मग.*

शेवटच्या 'मग'वर ती सूर धरून ठेवायची. बटणही तिच्याबरोबर धरायची. दोघींचा श्वास एकदमच संपायचा.

खोकं तपासायची वहिनीची एक रीत होती. नवं खोकं ती आधी मुद्दाम अपुरं ठेवायची, एकाच्या खाली. मग नखानं टिचकी मारायची. सूर उठायचा, विरायचा. ती मोजायची. पाच. छोटा स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा टिचकी. अकरा. पुन्हा. साठपर्यंत मोजूनही सूर जिवंत असला की म्हणायची, "आता धरतो." शेवटचं केसभर फिरवायचं, आणि स्क्रू जागचा हलू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब. मधे उठावं लागलं तर मोजलेला आकडा कागदी टेपवर लिहून खोक्याला चिकटवायचा.

शेवटच्या खोक्यावर तिनं सात लिहिलं. पेन खाली ठेवलं. कपाळ चोळलं. आणि खुर्चीतून घसरली.

डोक्यातली शीर फुटली होती. तीन वीस.

दादानं ते खोकं कुणाला हलवू दिलं नाही. आणि एक गोष्ट केली, जी आमच्या धंद्यात कुणी करत नाही. अर्धवट खोक्यावर नेलपॉलिश लावत नाहीत. लावलं म्हणजे काम पुरं झालं. दादानं वहिनीच्याच बाटलीतला थेंब घेऊन तो स्क्रू सातवरच बंद करून टाकला. तिनं जिथं सोडलं तिथंच राहू दे, म्हणाला.

मी त्याला अडवलं नाही. रडणाऱ्या माणसाच्या हातातून काय काढून घ्यायचं?

त्या मंगळवारी मी स्वतःची समजूत घातली. रस्त्यावरून ट्रक गेला असेल. टेबल हादरलं असेल. बटण कोपऱ्यातल्या गादीवर शाळेतून येऊन झोपली होती, तिनं झोपेत पाय आपटला असेल. टिचकी काय, कशाचीही लागते.

बुधवारी दादा समोर होता.

तीन वीसला सूर वाजला.

दोघांनीही मोजलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

नऊ.

दादा उठला. भिंग लावून स्क्रू पाहिला. नेलपॉलिशला तडा नव्हता. टेपवरचा आकडा सातच होता. त्यानं बॅटरी काढून हातात घेतली आणि तशीच, हातात धरून, दुसऱ्या दिवशी तीन वीसला खोक्यासमोर बसला.

बॅटरी त्याच्या मुठीत होती.

सूर वाजला. बारा.

शुक्रवारी सोळा.

तुम्ही म्हणाल, आम्ही घाबरलो नाही का? खरं सांगायचं तर नाही. दादानं त्या दिवशी सहा आठवड्यांनी नीट दाढी केली. दोन वेळा जेवला. मला म्हणाला, "ती खोकं पुरं करतेय. तिला काम अर्धं टाकलेलं आवडतच नाही." आणि हसला. मलाही वहिनी हवी होती. आम्ही दोघी एका वयाच्या. तिच्याशी भांडण्यात माझी दहा वर्षं छान गेली होती.

साठ झाले की धरतो. आम्ही दोघंही साठची वाट बघायला लागलो.

घरातलं काय जात होतं, ते आधी लक्षातच आलं नाही.

शनिवारी माझ्या हातून स्टीलचं झाकण पडलं. फरशीवर पडलं की ते गरगरतं, खणखणतं, शेजारी विचारतात काय झालं.

ठप्.

बस. तेवढंच. ओलं कापड पडावं तसं.

मी उचलून पुन्हा टाकलं. ठप्.

दाराची घंटा दाबली. एकदा टिणकली आणि जागीच मेली. चमचा पेल्यावर मारला. काही नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. भिंतींनी ती गिळली.

आमच्या घरात काहीच घुमत नव्हतं.

मग मागच्या अंगणात बटणचं हसणं ऐकू आलं. ती हसते ते एकदा सुरू झालं की थांबत नाही, उचकी लागेपर्यंत. त्या दिवशी तिचं हसणं "हि" असं निघालं... आणि तुटलं. ती स्वतःच गोंधळून इकडेतिकडे बघत राहिली, जणू हातातली वस्तू कुठं पडली ते शोधतेय.

रविवारी ती दुपारभर झोपली. सोमवारी शाळेत बाकावर झोपली. बाईंनी घरी आणून सोडलं. मंगळवारी तिचा आवाज इतका बारीक झाला की कान तोंडाशी न्यावा लागे. ताप नव्हता. खोकला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावली, पोटाला लावली, बराच वेळ नाडी धरून बसल्या. नाडी मंद आहे, म्हणाल्या. रक्त तपासलं, त्यात काही नाही. मग चष्मा काढून दादाला हळू आवाजात म्हणाल्या, आई गेल्यावर मुलं अशी सुकतात, तिच्याशी बोलत राहा.

त्या दिवशी खोक्याची मोजणी होती तेहेतीस.

बुधवारी मी खोक्याकडे पाहिलंच नाही. तीन वीसला गादीवर बटणच्या शेजारी जाऊन आडवी झाले. ती झोपलेली. तिच्या छातीवर तळवा ठेवला.

सूर वाजला.

आणि माझ्या तळव्याखाली...

तिची छाती थरथरत होती.

ओठ मिटलेले. डोळे मिटलेले. पण नाकातून, घशाच्या खोल आतून, ती गुणगुणत होती. 'मग'वरचा तोच सूर. तेव्हा लक्षात आलं, खोक्याचा आवाज सरळ नव्हता. झोक्यासारखा येत होता, जात होता. दमून परत आला की बटण श्वास सोडायची, आणि तो पुन्हा भरून जायचा.

वेळ बरोबर. ताकद बरोबर. तिच्या आईनं शिकवलेली.

आवाज फुकट टिकत नसतो. दर फेऱ्याला जे गळतं ते कुणीतरी भरावंच लागतं. इतके दिवस आम्ही मोजत बसलो. भरतंय कोण, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. दोघंही याच धंद्यातले, आणि पुरवठा कुठून येतो एवढं बघायचं विसरलो.

सूर थांबला तेव्हा एक्केचाळीस झाले होते, असं दादा म्हणाला. बटणचे ओठ निळसर दिसत होते.

मी दादाला सांगितलं. तो ऐकून घेईना. मग ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून बसला. शेवटी म्हणाला, तिला घेऊन जा, आत्ताच्या आत्ता.

काम संपलं की मी झोपायला जायचे ती माझी भाड्याची खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मधे पूल, बाजार, दोन टेकड्या. गुरुवारी सकाळीच बटणला तिथं नेलं. तिला धिरडं करून घातलं, दोन घास खाल्ले तिनं. मला वाटलं सुटलो.

तीन वीसला ती झोपेत गुणगुणायला लागली.

फोन वाजला. पलीकडे दादा होता, पण तो बोलत नव्हता. फोन त्यानं खोक्याजवळ धरला होता. या कानात खोकं, त्या कानात बटण. दोघींचा एकच श्वास. मी तिला हलवलं, गालावर पाणी मारलं, उचलून उभं केलं. ती उभ्यानं गुणगुणत राहिली.

अठ्ठेचाळीस.

अंतराला काही अर्थच नव्हता. संध्याकाळी तिला परत घरी आणलं.

त्या रात्री आणि शुक्रवारी दिवसभर दादानं काय काय केलं, ते लिहायला हात होत नाही. नेलपॉलिश खरवडून काढलं. स्क्रू उलटा फिरवला, पार शेवटपर्यंत, जिथं कुठलंच खोकं वाजू शकत नाही. शुक्रवारी तीन वीसला सूर वाजलाच. चोपन्न. मी हातोडी घेऊन उभी होते, पण हिंमत झाली नाही. चालत्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची, जोडणी एकदम तोडली की ठिणगी उडते, आत साठलेलं सगळं एका क्षणात बाहेर येतं, हे आम्ही दोघंही हजारदा बघितलेलं. इथं तारेच्या त्या टोकाला मूल होतं.

मग दादा म्हणाला, भरायचंच असेल तर माझं घे.

शनिवारी तीन वाजल्यापासून तो खोक्यासमोर बसला आणि गुणगुणायला लागला. 'मग', 'मग', 'मग'. बेसूर. कधी वर, कधी खाली. श्वास लवकर संपायचा, उशिरा सुटायचा. सूर आला तेव्हा त्यानं जिवाच्या आकांतानं आवाज लावला, खोक्याला कपाळ टेकवलं, पुन्हापुन्हा म्हणत राहिला, माझं घे, माझं घे ना. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या झाल्या. सूर त्याच्या आवाजाला शिवलासुद्धा नाही. तो कोपऱ्यातल्या गादीकडे जात राहिला, आणि तिथून भरून परत येत राहिला.

सत्तावन्न.

दादानं मान वर केली. म्हणाला, "मला कधी जमलंच नाही गं तिच्याबरोबर गायला."

रविवारी सकाळी बटण उठली नाही.

डोळे उघडले, पण ओळख नव्हती. हात गार. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवा, म्हणाल्या, मी चिठ्ठी देऊन ठेवते. नाडी मोजताना त्यांनी स्वतःचं घड्याळ दोनदा कानाला लावून बघितलं.

तीन वाजता आम्ही दोघं गादीच्या दोन बाजूंना बसलो. खोकं टेबलावर. ऊन पडलेलं.

तीन वीस.

सूर आला. या वेळी हळू नाही. सरळ आला, जसं कुणी घरचं माणूस दार न वाजवता आत येतं.

मी मोजत होते. वीस. तीस. बटणची छाती वरखाली होत होती, खोल, खूप खोल. चाळीस. पन्नास. खणातले स्क्रू थरथरायला लागले. खिडकीची काच गुणगुणायला लागली.

अठ्ठावन्न. एकोणसाठ.

साठ.

सूर विरला नाही.

एकसष्ट. बासष्ट. आता तो जरासा मोठा होता. पुढच्या फेऱ्याला आणखी जरासा. मी दादाकडे पाहिलं. शंभराचे एकशे एक. दोघांनाही कळलं होतं.

आणि तेव्हा... वास आला. वहिनी सोल्डरच्या धुराला वैतागून रुमालावर लवंगेचं तेल लावायची, तो वास. खुर्ची किंचित करकरली. टेबलावरच्या धुळीत, खोक्याजवळ, नखाएवढी एक रेघ उठली. कुणीतरी टिचकी मारायला बोट टेकवावं तशी.

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीचा हात त्याच्या हातात होता, आणि नजर त्या खुर्चीवर.

"एकदाच," तो म्हणाला. "एकदाच तिला धरू दे. मग सोडू."

बटणच्या नाकातून रक्ताची बारीक धार आली.

मी काय करणार होते? स्क्रू निरुपयोगी. बॅटरी निरुपयोगी. ताकद कमी करता येत नव्हती, कारण ती एका पोरीची होती आणि ती देत सुटली होती. उरली फक्त वेळ. चुकीच्या वेळी ढकललं की झोका अडखळतो.

मी बटणच्या कानाशी वाकले आणि गायला लागले.

*ये गं झोपे, हळूच ये...*

मुद्दाम उशिरा. तिचा श्वास सुटून गेल्यावर. ती भरते तिथं मी गप्प, ती थांबते तिथं मी जोरात. इतकं वाईट मी आयुष्यात गायले नाही. दादाच्या वरताण गायले. आवाज फुटत होता, नाक गळत होतं, शब्द रडण्यात बुडत होते.

दादानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

घट्ट. मला श्वास घेता येईना. त्याच्या तळव्याला सोल्डरच्या राळेचा वास येत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो बटणकडे बघत होता, तिच्या ओठावरून हनुवटीकडे निघालेल्या त्या लाल रेघेकडे.

किती वेळ गेला माहीत नाही. दोन फेरे. तीन.

मग त्यानं हात काढला.

त्यानंच काढला. हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

*दाराआडून बघ...* उशिरा. *पापणीच्या झोक्यावर...* आणखी उशिरा.

बटणच्या भुवया जवळ आल्या. गुणगुणणं अडखळलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा अडखळलं. आणि मग, डोळे मिटलेलेच असताना, ती वैतागून पुटपुटली...

"आत्या, चुकतेयस."

बोलण्यासाठी तिनं सूर सोडला होता.

खोक्याचा आवाज एकदम पोकळ झाला. तोल गेलेल्या माणसासारखा. आणि त्यानंतर जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो सूर बटणला सोडून माझ्याकडे आला. माझ्या उशिराशी जुळवून घ्यायला लागला. एकदा. मी आणखी उशीर केला. तो पुन्हा आला, कळवळून, जवळजवळ जुळलाच. माझ्या छातीत काहीतरी थंड, गोड ओढ लागली. द्यावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

मी गाणं मधेच तोडलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

मग तो विरत गेला. आपोआप मोजलं गेलं. तीस... चाळीस... खूप वेळ लागला त्याला. त्रेचाळीसला दादा पुढे सरकून ऐकत होता. सत्तेचाळीसला त्यानं खोक्यावर कान ठेवला. एक्कावन्नला मला काही ऐकू येत नव्हतं. तो मात्र संध्याकाळ होईपर्यंत तसाच कान लावून बसला होता.

बटणनं साडेचारला पाणी मागितलं. पाच वाजता भूक लागली म्हणाली. रात्री ताट आपटलं तर ते खणखणलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय झालं?

याला आता चार वर्षं होतील. खोकं दादानं नदीच्या पुलावरून फेकलं. वर्कशॉप बंद केलं. बटण अकराची आहे, ठणठणीत आहे, त्या तेरा दिवसांतलं तिला काही आठवत नाही. ती आणि दादा दुसऱ्या गावी राहतात. रोज फोन येतो.

पण मला एक गोष्ट झोपू देत नाही.

सर्किट शिकवताना दादाच मला म्हणाला होता, सूर सुरू व्हायला टिचकीसुद्धा लागत नाही. प्रत्येक तारेत, प्रत्येक खोलीत कायमच काहीतरी कुजबुजत असतं, कुणाला ऐकू न येण्याइतकं. त्यातलं काहीही पुरतं. फेरा त्याला पकडतो, फिरवतो, वाढवतो, आणि आपल्याच स्वराचं करून टाकतो. एकदा सूर मोठा झाला की तो मुळात कशापासून सुरू झाला, हे जगातलं कुठलंही मीटर सांगू शकत नाही.

आमच्या घरात फेरा तयार होता. वहिनीचं गाणं, वहिनीची वेळ, वहिनीची वाट बघणारी तीन माणसं. त्यात जे काही शिरलं असतं ते वहिनीसारखंच वाजलं असतं. तिच्यासारखाच वासही आला असता.

आपल्या लेकराच्या नाकातून रक्त येईपर्यंत वहिनी ओढत राहिली असती का? मी स्वतःला सांगते, नाही. ती ती नव्हतीच. मग तो सूर माझ्याकडे कळवळून आला तो आठवतो. बुडणारं माणूस जसं हात शोधतं, तसा आला होता. मी तोंड दाबून घेतलं.

मागच्या आठवड्यात दादानं फोनवर विचारलं. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, बटणच्या परीक्षेचं झालं, आणि ठेवता ठेवता एकदम म्हणाला,

"तू जवळ होतीस. तुला कळलं असेल. तीच होती का गं?"

पलीकडे बटण कुणाशी तरी मोठमोठ्यानं हसत होती. उचकी लागेपर्यंत.

मी म्हटलं, "नाही रे दादा. ती नव्हती."

तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

मी त्याला खरं सांगितलं की खोटं, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर... मला सांगू नका.